एका घरात दोन राउटर, तिसरा यायच्या बेतात – सांगली गावभाग, मदत हवी

गावभागकर · रविवार, सकाळी ८.५०

नमस्कार मंडळी. इथं पाच-सहा वर्षं नुसताच वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

घर सांगलीत, गावभागात. पुढचा भाग आजोबांच्या वेळचा. सोपा, माजघर, दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंती. मागं २००५ च्या पुरानंतर बांधलेली दुमजली स्लॅबची इमारत. बाजूला मोठं अंगण आणि अंगणापलीकडं पत्र्याची शेड, तिथं आमचं चटणी-मसाल्याचं कांडप चालतं. फायबरवाल्यांनी त्यांचा डबा सोप्यात, लाइटच्या मीटरशेजारी ठोकून दिलाय. प्लॅन १०० एमबीपीएसचा. सोप्यात बसलं की पुरतं तेवढं मिळतं. माजघर ओलांडलं की एक दांडी. मागच्या माडीवर काहीच नाही.

सूनबाई घरून काम करते. मीटिंग असली की लॅपटॉप घेऊन सोप्यात येऊन बसायची, आणि सोप्यातच आमचं दुकान. गेल्या महिन्यात तिच्या साहेबांनी विचारलं म्हणे, हे मागून सारखं 'ब्याडगी दोन किलो' कोण म्हणतंय?

मग मी दुसरा राउटर आणला. सोप्यातून मागच्या माडीपर्यंत एक नेटची वायर आधीचीच आहे, २०१२ च्या सुमारास टाकलेली. तिचं एक टोक कंपनीच्या डब्यात घातलं, दुसरं नव्या राउटरच्या निळ्या भोकात. खोक्यावरच्या चित्रात तसंच होतं. माडीवर रेंज आली, सूनबाई खूश. पण तिथनं पुढं माझा व्याप वाढला. प्रिंटर माडीवर आहे, तो दुकानातल्या कॉम्प्युटरला दिसेना झालाय. बिलं छापायला पेनड्राइव्ह घेऊन जिना चढतोय. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, डीव्हीआर, सोप्यात आहे, तो माडीवरच्या फोनला सापडत नाही. आणि फोन घेऊन खाली आलं की वरचंच वायफाय धरून बसतो, सोडायचं नाव नाही.

कंपनीच्या हेल्पलाइनला विचारलं तर पोरगा म्हणाला, "सर, दुसरा राउटर सपोर्टेड नाही, आमचाच एक्स्टेंडर घ्या." घेऊ का? शेडमध्येही पुढंमागं नेट न्यायचंय.

---

भडंगवाला · रविवार, सकाळी ९.०५

प्रश्नाचं माहीत नाही, पण ब्याडगी काय भाव चाललीय?

---

कोथरूडचा पाहुणा · रविवार, सकाळी ९.४०

सरळ तीन डब्यांचा मेश संच घ्या आणि मोकळे व्हा. अ‍ॅपवरून दहा मिनिटांत लागतो, एकच नाव, एकच पासवर्ड, घरभर फिरा. आमच्या थ्री बीएचकेमध्ये दोन वर्षं झाली, एकदाही हात लावावा लागला नाही.

---

माजी लाइनमन · रविवार, सकाळी १०.१५

पाहुणे, तुमच्या थ्री बीएचकेच्या भिंती चार इंची विटेच्या. यांच्याकडं दोन फूट दगड आणि पांढरी माती आहे. पावसाळ्यात ती माती ओल धरते आणि ओली भिंत लहरी आणखी गिळते. मेशचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर मधल्या डब्याला आधी स्वतःला धड रेंज मिळाली पाहिजे, तर तो पुढं देणार. जिथं रेंज मरते तिथं नेऊन ठेवला तर तो मेलेलीच रेंज पुढं वाटतो. लोक हमखास तिथंच ठेवतात.

गावभागकर, तुमच्याकडं वायर आहे म्हणालात. मग अर्धी लढाई तुम्ही जिंकलेलीच आहे. ३१ वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्यात, म्हणून सांगतो, वायर असताना हवेच्या नादी लागू नका.

---

कोथरूडचा पाहुणा · रविवार, सकाळी १०.३०

मेशलाही मागून वायर जोडता येते काका.

---

माजी लाइनमन · रविवार, सकाळी १०.३२

येते की. मग तेच झालं ना? वायरच जोडायची तर आहे तो राउटर काय वाईट आहे?

---

वाईची लेक · रविवार, दुपारी १२.२०

भांडू नका, दोघंही बरोबर आहात. काका, एक काम करा. माडीवर फोनच्या सेटिंगमध्ये वायफायच्या नावावर बोट ठेवा, तिथं 'आयपी अ‍ॅड्रेस' आणि 'गेटवे' असे दोन आकडे दिसतील. तेच खाली सोप्यात खालच्या वायफायवर जाऊन बघा. दोन्ही इथं लिहा. आणि डब्याच्या सेटिंगच्या पानावर 'वॅन आयपी' म्हणून एक आकडा असतो, त्याचे पहिले दोन भाग तेवढे द्या. पूर्ण आकडा उघड्यावर टाकू नका.

---

गावभागकर · रविवार, दुपारी २.१०

माडीवर: १९२.१६८.०.१०४, गेटवे १९२.१६८.०.१
सोप्यात: १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१
वॅनचा १००.७२ ने सुरू होतो.

---

वाईची लेक · रविवार, दुपारी ३.००

हं. वाटलंच होतं.

तिसरा भाग बघा. माडीवर शून्य आहे, सोप्यात एक. म्हणजे तुमच्या घरात दोन वेगवेगळी नेटवर्कं झालीत. राउटरचं निळं भोक, म्हणजे वॅन, हे 'यापलीकडं बाहेरचं जग आहे' असं समजून चालतं. तुम्ही वायर तिथं घातलीत, त्यामुळं माडीवरच्या राउटरला तुमचा स्वतःचा सोपाच परका वाटतोय. वाड्यातल्या वाड्यात कुणीतरी अजून एक दिंडी दरवाजा बसवून आत वेगळं बिऱ्हाड थाटावं, तसं झालंय. आतला माणूस बाहेर जाऊन परत येऊ शकतो, त्याला दार ओळखतं. बाहेरून कुणी आलं तर दार विचारतं, कुणाकडं जायचंय? आत कोण कोण राहतं हे बाहेरच्याला माहीतच नाही, मग तो उभ्या उभ्या परत जातो. दुकानाचा कॉम्प्युटर प्रिंटरकडं जाताना नेमका तिथं अडतो.

डीव्हीआरची गोष्ट थोडी वेगळी आहे. माडीवरून खाली जायला दाराची आडकाठी नाही. अ‍ॅपमध्ये डीव्हीआरचा आयपी हातानं टाकलात तर आत्तासुद्धा लागेल. पण अ‍ॅप आपणहून शोधतं तेव्हा 'इथं डीव्हीआर कोण आहे रे?' अशी सगळ्यांना मिळून एकच हाक मारतं, आणि ती हाक राउटरच्या पलीकडं जात नाही.

ह्याला डबल नॅट म्हणतात, म्हणजे एकामागं एक अशी दोन दारं. तुमच्याकडं खरं तर तिहेरी आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवलेत. आयपी पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपनी अनेक गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागं बसवते. तुमचा १००.७२ त्यातलाच. त्यामुळं बाहेरगावाहून डीव्हीआर बघायला कुणी 'पोर्ट फॉरवर्ड करा', म्हणजे बाहेरून थेट आत यायला दारात वाट ठेवा, असं सांगितलं तर दिवसभर डोकं फोडूनही होणार नाही. त्याला अ‍ॅपचं क्लाउड वापरा, नाहीतर कंपनीकडून स्वतंत्र पब्लिक आयपी घ्या.

आता उपाय. घरात पत्ते वाटणारा कारभारी एकच ठेवायचा, तो म्हणजे कंपनीचा डबा. माडीवरच्या राउटरनं फक्त वायफाय फेकायचं, पत्त्यांच्या कारभारात पडायचं नाही. त्याच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तेवढंच निवडा, काम झालं. नसेल तर हातानं करायचं:

आधी भिंतीतून आलेली वायर काढा. लॅपटॉप छोट्या वायरीनं त्या राउटरच्या पिवळ्या भोकाला, म्हणजे घरातल्या बाजूला (लॅन), जोडा, निळ्याला नाही. सेटिंगचं पान उघडा. लॅनचा आयपी १९२.१६८.१.२ करा आणि सेव्ह करा. राउटर बंद-चालू होईल, आता नव्या पत्त्यावर पान उघडा. वायफायचं नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार तिन्ही सोप्यासारखंच, अक्षरन् अक्षर. सगळ्यात शेवटी डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद. मग भिंतीतली वायर पिवळ्या भोकात घाला. निळं भोक मोकळं सोडा, वाटल्यास वर चिकटपट्टी लावा म्हणजे उद्या कुणी हौसेनं काही खुपसणार नाही. खालच्या डब्यात डीएचसीपीची रेंज ५० पासून २०० पर्यंत ठेवा, म्हणजे तो २ नंबर चुकून दुसऱ्या कुणाला देणार नाही.

हे याच क्रमानं करा.

---

गावभागकर · रविवार, रात्री ९.४५

अ‍ॅक्सेस पॉइंट मोड सापडला नाही, स्वस्तातला आहे. हातानं करायला बसलो आणि फसलो. घाईत डीएचसीपी आधी बंद केलं. राउटर बंद-चालू झाला आणि आता लॅपटॉप म्हणतोय माझा पत्ता १६९.२५४ काहीतरी. राउटरचं पान उघडतच नाही. नवा पत्ताही नाही, जुनाही नाही. सूनबाईची उद्या साडेनऊला मीटिंग आहे. राउटर गेला का?

---

वाईची लेक · रविवार, रात्री ९.५२

काही गेला नाही. १६९.२५४ म्हणजे लॅपटॉपनं पत्ता मागितला, कुणीच दिला नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक कामचलाऊ घेतला. मागायची सोय तुम्हीच बंद केलीत ना!

लॅपटॉपला हातानं पत्ता द्या. नेटवर्क सेटिंगमध्ये त्या वायरीच्या जोडणीवर जाऊन ऑटोमॅटिकऐवजी मॅन्युअल करा. पत्ता १९२.१६८.०.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. लॅनचा आयपी अजून बदलला नव्हता ना? मग पान १९२.१६८.०.१ वरच उघडेल. तिथं १९२.१६८.१.२ करा. तो बदलला की पान पुन्हा जाईल. मग लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५० करून परत आत शिरा. सगळं झाल्यावर लॅपटॉप ऑटोमॅटिकवर आणायला विसरू नका, नाहीतर उद्या ऑफिसात नेट चालत नाही म्हणून तिसराच धागा निघेल.

---

गावभागकर · रविवार, रात्री १०.४०

उघडलं! बदललं. वायर पिवळ्यात घातली. खालच्या कॉम्प्युटरवरून प्रिंट दिली, वर जाऊन बघतो तर कागद बाहेर. आईनं विचारलं एवढ्या रात्री कसली बिलं छापतोयस.

ताई, तुमच्या नावानं एक किलो कांदा-लसूण मसाला बाजूला काढून ठेवलाय. वाईला यायचं झालं की घेऊन येतो.

---

भडंगवाला · रविवार, रात्री १०.४४

मी पण प्रतिसाद दिला होता.

---

गावभागकर · मंगळवार, संध्याकाळी ७.३०

थोडं अजून. फोनला नाव एकच दिसतं आता. पण सूनबाईच्या फोनला जिन्यावर मधूनच अडकल्यासारखं होतं. शिवाय माडीवरच्या राउटरच्या पानावर वायरीपुढं '१०० एमबीपीएस' लिहिलंय. खोक्यावर तर गिगाबिट, म्हणजे १०००, लिहिलं होतं. दुकानदारानं फसवलं का?

---

माजी लाइनमन · मंगळवार, रात्री ८.०५

दुकानदाराला शिव्या देण्याआधी वायरीची पिन बघा. दिवसाउजेडी, चष्मा लावून. पारदर्शक पिनमध्ये आठ बारक्या तारा ओळीनं दिसल्या पाहिजेत: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. १०० च्या जोडणीला चारच तारा लागतात, नारिंगीची जोडी आणि हिरव्याची. गिगाबिटला आठही लागतात. निळ्या-तपकिरीतली एक जरी तुटली, नीट दाबली गेली नाही, की जोडणी गुपचूप १०० वर येते. कुठं लाल बत्ती लागत नाही की काही नाही.

---

गावभागकर · बुधवार, सकाळी ७.२०

बघितलं. पिनमध्ये चारच तारा आहेत. नारिंगी आणि हिरवी. निळी आणि तपकिरी पिनच्या अलीकडंच बाहेर काढून पट्टीमागं नेलेल्या. पट्टी उचकटून माग काढला तर निळी जोडी गेलीय स्वयंपाकघरातल्या इंटरकॉमला. दुकानातून बटण दाबलं की आत घंटी वाजते आणि 'चहा टाका' म्हणता येतं, तो. बारा-तेरा वर्षं वापरतोय. त्याची वेगळी वायर असेल असंच समजत होतो. तपकिरी नुसतीच गुंडाळून ठेवलीय.

इंटरकॉम काढावा लागेल का? आई ऐकायची नाही.

---

माजी लाइनमन · बुधवार, सकाळी ८.१०

वायरमन हुशार होता म्हणायचा, एका वायरीत दोन कामं केली. आम्हीही केलीत अशी.

तुमचा प्लॅन किती? १००. १०० च्या जोडणीतून वापराला ९४ च्या आसपास मिळतात, बाकीचं निरोपाच्या वेष्टनात जातं. म्हणजे इंटरकॉम काढून तुमचा फायदा पाच-सहा एमबीपीएस, आणि तोटा चहा. राहू द्या तसाच. प्लॅन पुढं ३०० चा घेतलात तर वेगळी वायर ओढा, तेव्हा बघू.

वायर घेताना एकच बघा. टोकाची तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. दोनदा वाकवली की तुटते. आत तांबडीच निघाली तर अस्सल. बाजारात दोन्हीही 'कॅट सिक्स' म्हणूनच मिळतात. पेटी उचलली तरी वजनावरून कळतं.

---

वाईची लेक · बुधवार, सकाळी ११.००

इंटरकॉमला माझाही पाठिंबा.

जिन्यावरच्या अडकण्याबद्दल: कुठल्या राउटरला धरायचं आणि कधी सोडायचं हे राउटर नाही, फोन ठरवतो. काही फोन जुन्या ओळखीला चिकटून राहतात, एक दांडी उरली तरी सोडत नाहीत. त्याला दोन गोष्टी करता येतात. एक, दोन्ही राउटर एकमेकांवर ओरडू नयेत म्हणून चॅनेल वेगळे द्या. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर सोप्यात १, माडीवर ११, रुंदी दोन्हीकडं २० मेगाहर्ट्झ. तिथं एकमेकांत न मिसळणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच, त्यामुळं ३ नाहीतर ८ ठेवून 'मधला निवडला' असं समाधान मानू नका, तो दोन्हीकडच्यांना त्रास देतो. ५ गिगाहर्ट्झवर सोप्यात ३६, माडीवर १४९. दोन, २.४ ची ताकद 'हाय' वरून 'मीडियम' करा. हे लोकांना पटत नाही, पण ताकद जास्त ठेवली की राउटरचा आवाज लांब जातो आणि फोनचा क्षीण आवाज तिथून परत पोचत नाही. दांड्या भरलेल्या दिसतात आणि काही उघडत नाही ते त्यामुळंच.

---

गावभागकर · बुधवार, रात्री ९.००

दोन्ही केलं. जिन्यावर एक सेकंद गचका बसतो, कॉल तुटत नाही. एवढं चालतंय.

आता शेड. घरापासून ३५ मीटर, अंगणातून. तशीच वायर ओढून तिसरा राउटर लावतो. चालेल ना? १०० मीटरपर्यंत चालते असं वाचलंय.

---

द्राक्षबाग · बुधवार, रात्री ९.२५

थांबा!!! लांबीचं बरोबर आहे, पण तांब्याची वायर अंगणातून ओढू नका.

आमचं घर तासगावजवळ, बागेतल्या पंपाच्या खोलीपर्यंत मी अशीच वायर नेली होती, साठ-एक मीटर. मोटर फोनवरून चालू करायची आणि कॅमेरा, एवढंच. मागच्या वळवाच्या पावसात शेजारच्या बांधावर वीज पडली. आमच्यावर नाही, बांधावर. घरातला राउटर, स्विच, डीव्हीआर आणि टीव्ही, जेवढं जेवढं वायरीनं जोडलेलं होतं तेवढं सगळं गेलं. राउटरचं पिवळं भोक अक्षरशः काळं झालं होतं, वास दोन दिवस घरात होता. वायफायवरचा फोन मात्र ठणठणीत.

दुरुस्तीवाल्यानं सांगितलं ते तेव्हा समजलं. वीज जवळ पडली की जमिनीचंच व्होल्टेज जागोजागी वेगळं होतं. घराचं अर्थिंग वेगळं, पंपाच्या खोलीचं वेगळं, आणि मधे तुमची वायर म्हणजे त्या दोघांना जोडणारा आयता पूल. आता फायबर टाकलीय. काचेतून वीज जात नाही.

---

माजी लाइनमन · बुधवार, रात्री ९.५०

द्राक्षबाग यांच्याशी शंभर टक्के सहमत. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वळीव कधी गाठेल सांगता येत नाही.

फायबरची माहिती देतो, ऐकीव नाही, हातानं केलेली. दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तांब्याच्या वायरीचं फायबरमध्ये आणि उलट करणारे डबे, लागतात, दोन्ही टोकांना एक-एक. एकाच तंतूवर चालणारे घेतलेत तर जोडीत एक 'ए' आणि एक 'बी' असतो. एक १३१० नॅनोमीटरवर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दोन्ही 'ए' घेऊन आलात तर दोघंही बोलत बसतील, ऐकणार कुणीच नाही. टोकाची पिन निळी आहे की हिरवी तेही बघा. हिरवीचं टोक तिरकं घासलेलं असतं, कंपनीच्या डब्याला बहुतेक तीच लागते. कन्व्हर्टरला बहुतेक निळी. हिरवी निळ्यात बसते, काम मात्र धड करत नाही, आणि माणूस आठवडाभर कन्व्हर्टरला दोष देतो.

आणि हे महत्त्वाचं. बाहेरून ओढायच्या फायबरला आधारासाठी बऱ्याचदा एक स्टीलची तार चिकटलेली असते. ती तशीच शेडपासून घरात आणलीत तर काच टाकून उपयोग काय? धातू नसलेली मागा. नाही मिळाली तर ती तार दोन्हीकडं भिंतीबाहेरच सोडवून तोडा, आत फक्त काच जाऊ द्या.

---

भडंगवाला · बुधवार, रात्री १०.००

गंमत सोडून एक विचारतो. गावभागात डबा मीटरशेजारी, म्हणजे जमिनीपासून किती उंच? २०१९ च्या पुरात तुमच्या सोप्यात पाणी किती होतं?

---

गावभागकर · बुधवार, रात्री १०.२०

...

सोप्याच्या खांबावर वडिलांनी खिळा मारून ठेवलाय. आत्ता जाऊन बघितलं. डबा त्या खिळ्याच्या हातभर खाली आहे.

---

भडंगवाला · बुधवार, रात्री १०.३१

मग सगळा कारभार माडीवर न्या ओ. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४५ फूट म्हणजे धोका, त्या वर्षी ५७ च्या वर गेलं होतं. पाणी चढताना माणूस धान्य उचलतो, कागदपत्रं उचलतो, राउटर कुणाच्या लक्षात राहतो? आणि नेमकं त्याच दिवसांत सगळ्यांना कळवायचं असतं की आम्ही ठीक आहोत. आमचं खणभागात तसंच झालं, लाइट होती तोवर माडीवर बसून होतो, आणि नेटचा डबा खाली पाण्यात.

---

वाईची लेक · गुरुवार, सकाळी ९.१५

भडंगवाले, हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं.

काका, तुमची मांडणी यासाठी अगदी सोयीची झालीय. केबलवाल्याला बोलवून फायबर माडीपर्यंत वाढवून घ्या, कंपनीचा डबा वर लावा आणि माडीवरचा राउटर खाली सोप्यात आणा. भिंतीतली वायर तीच. आता दोन्ही टोकं पिवळ्या भोकातच असल्यानं तिला वरून खाली आणि खालून वर सारखंच. सेटिंग एकही बदलावं लागणार नाही. पहिल्यासारखं निळ्या-पिवळ्याचं केलं असतंत तर सगळं उलटं करत बसावं लागलं असतं. शेडची फायबरही माडीवरच्या डब्यातूनच काढा.

शेडमधल्या तिसऱ्या राउटरला पत्ता १९२.१६८.१.३, बाकी सगळं दुसऱ्यासारखंच. तिखटाची भुकटी उडत असेल तर प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवा, पत्र्याच्या नको, वायफाय आतच कोंडेल. गिऱ्हाइकांना पासवर्ड देण्यासाठी 'गेस्ट' चालू करायचा मोह झाला तर मात्र जपून. राउटर असा नुसता वायफायपुरता वापरला की बऱ्याच घरगुती राउटरांत गेस्टवाल्याला तुमचा डीव्हीआरही दिसतो. ते फक्त मुख्य डब्यावर करा.

---

गावभागकर · पुढचा रविवार, रात्री ८.१५

केबलवाला शुक्रवारी येऊन गेला. डबा माडीवर, राउटर सोप्यात, फायबर शेडपर्यंत पोचली. धातू नसलेली मिरजेत मिळाली. कन्व्हर्टर 'ए' आणि 'बी' दोनदा वाचून घेतले. दुकानात ९२, माडीवर ९५, शेडमध्ये चक्की चालू असताना ८८.

पण आज दुपारी सगळ्या घराचं नेट अचानक गेलं. तिन्ही राउटरांच्या बत्त्या दिवाळीसारख्या लुकलुकायला लागल्या, एवढ्या जोरात की नुसता उजेड दिसावा. वायफायला जोडलं जातंय, पण काही म्हणजे काही उघडत नाही. कंपनीचा डबा तीनदा बंद-चालू केला. हेल्पलाइनवाला म्हणाला लाइन क्लिअर आहे सर. कन्व्हर्टर बदलायला निघणारच होतो.

शेवटी एकेक वायर उपसत गेलो. सुटीला आलेला भाचा, वय वर्षं नऊ. सोप्यात राउटरमागं एक छोटी वायर लोंबत होती, माझीच सेटिंग करायची. तिचं एक टोक पिवळ्यात राहिलं होतं. त्यानं दुसरं टोकही शेजारच्या पिवळ्यात बसवलं. "मामा, मी व्यवस्थित लावून ठेवली."

---

वाईची लेक · पुढचा रविवार, रात्री ८.२६

लूप! एका भोकातून गेलेली हाक दुसऱ्यातून परत आली, राउटरनं ती पुन्हा सगळीकडं ओरडून सांगितली, ती पुन्हा परत आली... दोन-चार सेकंदांत खऱ्या निरोपाला जागाच उरत नाही. मोठ्या ऑफिसांतल्या स्विचना हे ओळखून एक दार बंद करायची सोय असते, घरगुती डब्यांत बहुधा नसते. पोराला रागवू नका, आमच्या ऑफिसात हे मोठ्या माणसांनी केलंय.

---

गावभागकर · पुढचा रविवार, रात्री ८.४०

नाही रागावलो. उरलेल्या पिवळ्या भोकांवर त्याच्याकडूनच चिकटपट्टी लावून घेतली.

---

द्राक्षबाग · पुढचा रविवार, रात्री ९.१०

एक राहिलं. लाइट गेली की काय करता? सोप्यातल्या राउटरला छोटा यूपीएस लावून उपयोग नाही, माडीवरच्या डब्याला आणि शेडच्या बाजूच्या कन्व्हर्टरलाही पाहिजे. साखळीत एक जरी बंद पडला की पुढचे सगळे नुसते लुकलुकतात.

---

नवशिका सातारकर · पुढचा रविवार, रात्री ९.३५

हा धागा वाचून आमच्याकडंही निळं-पिवळं बघितलं, निळ्यातच निघालं. यूपीएसचं विचारतो, बाजारात राउटरसाठी म्हणून मिळतो तो १२ व्होल्टचा. कुठल्याही राउटरला चालतो का? पिन तर बसतेय.

---

माजी लाइनमन · पुढचा रविवार, रात्री ९.४८

पिन बसते म्हणून लावू नका. राउटरच्या स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवर बारीक अक्षरात 'आउटपुट' लिहिलेलं असतं, ते वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर यूपीएसचे तेवढेच किंवा जास्त. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर पहिल्या दिवशी चालेलही, पण आयुष्य जातं.

---

गावभागकर · पुढचा रविवार, रात्री १०.०५

वाचून आलो. कंपनीचा डबा १२, सोप्यातला राउटर ९, कन्व्हर्टर ५. तीन वेगवेगळे आणावे लागणार.